स्टार्टअपमधलं ‘सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यांना

विंडोजवरचा एक ‘रामबाण उपाय’ सध्या जोरात फिरतोय. टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या (म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतलं सगळं डिसेबल करा, मग एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग बदलायच्या टूलमध्ये सर्व्हिसेसच्या (मागे चालणाऱ्या कामांच्या) खुणा काढा आणि प्रोसेसरची संख्या सर्वांत मोठी ठेवा. कॉम्प्युटर दुप्पट वेगाने पळेल म्हणे.

प्रोसेसरच्या संख्येचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सरळ चूक आहे. एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमधला तो आकडा म्हणजे मर्यादा. तिथे खूण नसली की विंडोज आहेत तेवढे सगळे कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी एककं) वापरतंच. चुकून २ निवडलंत, तर बाकीचे बसून राहतील.

आता ‘सगळं डिसेबल करा’. त्याच यादीत ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असा रकाना आहे, पण तो वाचायचे कष्ट कोण घेणार! सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन झालं, की तिथे ‘हाय’ दिसतं. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबीच्या आत राहिलेले ‘लो’. असे पाच ‘लो’ बंद केलेत तरी फरक जाणवायचा नाही. गेमचा लाँचर, चॅटचं ॲप खुशाल बंद करा. मी मात्र एकदा जोशात सगळंच उडवलं आणि त्यात फाइल सिंक करणारा प्रोग्रॅमही गेला. बुधवारी दुसऱ्या मशिनवर फाइल उघडली तर मजकूर सोमवारचाच. एरर नाही, सूचना नाही, काही नाही.

सर्व्हिसेसबद्दल थोडक्यात: वाय-फाय, आवाज, छपाई हे सगळं तिथूनच चालतं. हात लावायचाच असेल तर आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा.

राहिला दुप्पट वेग. स्टार्टअपची यादी लॉगिन केल्यावर कामाला लागते. त्याआधी कंपनीचा लोगो बघत घालवलेला वेळ तिने कमी होत नाही; तो बराचसा टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्येच दिसणाऱ्या ‘लास्ट बायोस टाइम’मध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या वेळेत) मोजलेला असतो. ४ जीबी रॅमच्या मशिनवर मागे चालणारे प्रोग्रॅम कमी झाले की काम हलकं होतं, हे मात्र खरं. तिथे एकेक ‘हाय’ बंद करून, रीस्टार्ट करून बघा. नको वाटलं तर राइट क्लिक करून परत एनेबल करता येतं.