‘रोबोटला सेन्सर कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

म्हापशापासून काणकोणपर्यंत पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. स्पर्धेच्या रोबोटला सेन्सर म्हणजे नुसता खर्च, मोटर किती सेकंद चालवायची ते ठरवा आणि प्रॅक्टिस करा, पीआयडी (चूक मोजून मोटरची पॉवर सतत सुधारत राहायची पद्धत) हे इंजिनियरिंगच्या पोरांचं काम, सेन्सर ऐनवेळी दगा देतात, आणि ऑटोनॉमस, म्हणजे रिमोटशिवाय आपोआप चालायचं, असतंच किती, ३० सेकंद, असं त्यात म्हटलंय! गोव्यात २०२१ पासून केअर्स योजनेत सहावी ते आठवीची पोरं शाळेतच कोडिंग-रोबोटिक्स शिकतायत, त्यांच्या डोक्यात हे जाऊ नये म्हणून लिहितोय.

खर्चाचं आधी. लेगो स्पाइक प्राइम या किटच्या मोटरमध्ये फिरणं मोजणारा सेन्सर आतच असतो, हबमध्ये, म्हणजे रोबोटच्या मेंदूच्या पेटीत, जायरो (किती अंश वळलो ते सांगणारा सेन्सर) असतो. फर्स्ट टेक चॅलेंज या स्पर्धेच्या कंट्रोल हबमध्ये आयएमयू (जायरो असलेली चिप) आतच, आणि तिथल्या बहुतेक मोटरना एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लागूनच येतो, केबल तेवढी जोडायची. पैसे भरून झालेत, वापरत नाही एवढंच.

आता सेकंद मोजून चालवायचं. मोटरचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात असतो. बॅटरी फुल असताना १३.५ व्होल्टवर रोबोट ठरलेल्या वेळात १८० सेंटीमीटर गेला तर १२ व्होल्टवर तो १६० च्या आसपासच थांबणार, कोड तोच, पोरं तीच, आणि वीस सेंटीमीटर चुकले म्हणजे पुढचं सगळंच चुकलं. कितीही प्रॅक्टिस करा, बॅटरी उतरायची ती उतरणारच. एन्कोडर अंतर मोजतो. मोटरच्या एका फेऱ्याला एन्कोडर २८ टिक (ठोके) मोजतो, २० पट गिअर असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला ५६०, चाक ९ सेंटीमीटर व्यासाचं धरलं तर एक टिक म्हणजे अर्धा मिलीमीटर.

पीआयडीचा बाऊ तर उगाचच केलाय. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट बघा, मांडवीला ओढ असली की चालक समोरच्या धक्क्यावर नजर ठेवून सुकाणू सारखं थोडं थोडं वळवत राहतो. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्कीनं जहाज सरळ ठेवणारा माणूस नेमकं काय करतो त्याचं गणित मांडलं, पीआयडीचा पाया तोच. सुरुवातीला नुसतं पी, म्हणजे उरलेल्या फरकाच्या प्रमाणात पॉवर, पुरतं: ९० अंश वळायचंय, जायरो ६० सांगतोय, फरक ३०, त्याला ०.०२ नं गुणा, पॉवर ०.६ (फुल पॉवर म्हणजे १). पाच अंश उरले की ०.१. वजाबाकी आणि गुणाकार, सहावीच्या पोराला येतो. ०.१ वर रोबोट अडून बसला तर थोडी किमान पॉवर ठेवा, लक्ष्याच्या पुढे-मागे हलत राहिला तर डी, म्हणजे फरक किती झपाट्यानं बदलतोय ते बघून आवरणारा भाग, घाला, हे करून बघतच कळतं.

सेन्सर दगा देतात हे मात्र अर्धं खरं आहे आणि त्यावर नीट बोलायला हवं. हॉलच्या खिडकीतून ऊन आलं की जमिनीवरची रेघ ओळखणाऱ्या लाइन सेन्सरचे आकडे बदलतात, म्हणून कॅलिब्रेशन (आकडे जागेवर जुळवून घेणं) स्पर्धेच्या टेबलवरच करायचं, घरचे आकडे तिथे चालत नाहीत. जायरो रिसेट होताना रोबोटला हात लावायचा नाही. चाक घसरलं की एन्कोडर म्हणतो पुढे गेलो, रोबोट असतो तिथेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केबल सैल झाली तर आकडा शून्यावरच राहतो, कोडला वाटतं अजून पोचलो नाही आणि रोबोट फुल पॉवरनं भिंतीवर आदळतो. उपाय एका ओळीचा आहे, लूपमध्ये टाइमआउट घाला, तीन सेकंदांत पोचला नाही तर मोटर बंद. पण यासाठी सेन्सरच काढून टाकायचे?

राहिले ते ३० सेकंद. फर्स्ट लेगो लीग या स्पर्धेत अडीच मिनिटांच्या पूर्ण खेळात रिमोटच नसतो! आणि जिथे रिमोट आहे तिथेही वर उचललेला आर्म वजनानं खाली येऊ नये म्हणून एन्कोडर बघत पॉवर देत राहावीच लागते, नायतर ड्रायव्हरचं अर्धं लक्ष आर्म सांभाळण्यातच जातं.

पटत नसेल तर शाळेच्या लॅबमध्ये सेकंदावर चालणारा कोड एकदा ताज्या चार्ज बॅटरीवर आणि एकदा तासभर वापरलेल्या बॅटरीवर चालवा, दोन्ही वेळा रोबोट थांबला तिथे जमिनीवर खूण करा आणि त्या खुणांचा फोटो त्याच ग्रुपवर टाका.