चौरागडाची पहिली पायरी

मागच्या डिसेंबरात घरच्या मंडळींना घेऊन नागपूरहून पचमढीला गेलो, तेव्हा ठरवलेल्या गाडीवाल्याने एका दिवसात नऊ 'पॉइंट' दाखवले आणि जटाशंकरला मोजून वीस मिनिटे दिली. दोष त्याच्या एकट्याचा नाही, कारण दोन रात्रींत सगळे उरकायचे आम्हीच ठरवले होते. मात्र घरी आल्यावर आईने विचारले, "भूराभगत लागला का रे वाटेत?" आणि मला उत्तर देता आले नाही. भूराभगत हे महादेवाच्या पायी वाटेवरचे ठिकाण.

माझी आजी पचमढी हा शब्द कधी वापरत नसे. ती 'महादेवाला जाणे' म्हणायची. विदर्भातल्या गावोगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या महाशिवरात्रीच्या सुमारास नवसाचा लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन 'हर बोला हर हर महादेव' म्हणत पचमढीजवळच्या चौरागडाकडे, महादेवाच्या डोंगराकडे निघतात, तशीच तीही जात असे. आमल्याला गाडी बदलून जुन्नारदेवला उतरायचे आणि पुढे पायी. जुन्नारदेवजवळच्या विशाला येथील देवस्थानाला आजही 'पहली पायरी' म्हणतात. चौरागडाच्या डोंगराला सुमारे १,३०० पायऱ्या आहेत, पण श्रद्धेने जाणाऱ्यांच्या हिशेबात पहिली पायरी इतक्या दूर, सपाटीवर, कोळशाच्या खाणींच्या मुलखात आहे. डोंगर कुठून सुरू होतो याचे याहून नेमके उत्तर मला कुठल्याही नकाशात सापडलेले नाही.

भस्मासुराची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते, पण सातपुड्यात ती एका जागी सांगून संपत नाही. इटारसीजवळच्या तिलकसिंदूरला महादेव डोंगरात शिरले, जटाशंकरला जटा सोडल्या, अंगाला अंग घासून आत जावे लागते अशा गुप्त महादेवाच्या कपारीत दडले आणि शेवटी चौरागडावर त्रिशूळ ठेवला, असे तिथले लोक सांगतात. म्हणजे ही कथा स्वतःच एक वाट आहे, आणि ती पायांखालून गेली तरच पुरती कळते. या कथेला तिथल्या दगडाचाही आधार आहे. पचमढीचा वालुकाश्म वीस कोटी वर्षांहून जुना. त्याच्या भेगांतून पाणी झिरपत राहिले, घळी पडल्या, छतांसारखे कडे पुढे आले आणि गुहा तयार झाल्या. लपणाऱ्या देवाची गोष्ट जिथे दडायला इतक्या जागा आहेत तिथेच रुजावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. याच गोंड राजांच्या मुलखावरून भूशास्त्रज्ञांनी इथल्या खडकांना 'गोंडवाना' हे नाव दिले आणि पुढे ते दक्षिणेच्या एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला लागले. आपल्या घरापासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर हे सगळे आहे, आणि आपण तिथे जाऊन सूर्यास्ताचा फोटो काढून परततो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो, या वेळी एकटा, एसटीने आणि मिळेल त्या जीपने. सावनेर ओलांडून सौंसरला पोचलो तेव्हा राज्य बदलले होते, पण चहाच्या टपरीवरची मराठी बदलली नव्हती. जामसावळीला पहुडलेल्या हनुमंताचे दर्शन घेतले. छिंदवाडा झटकन मागे पडले आणि तामियाला मी तीन रात्री राहिलो. तिथून पाताळकोट जवळ आहे. ही घोड्याच्या नालेसारखी खोल दरी असून तिच्या तळाशी गोंड आणि भारिया लोकांची बारा गावे आहेत. मेघनाद शिवाची आराधना करून याच वाटेने पाताळात गेला, अशी आख्यायिका आहे. पहिल्या सकाळी कड्यावरून मला फक्त धुके दिसले. दुसऱ्या सकाळी ऊन माझ्या पायांशी आले तरी खालच्या गावांवर अजून सावलीच होती, आणि त्या सावलीतून एका चुलीचा धूर सरळ वर येत होता. तो धूर उन्हात येऊन पांढरा होईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.

पुढे भूराभगतला काटोलकडचे एक शेतकरी काका भेटले. त्यांच्या खांद्यावर गावच्या लोहाराने घडवलेला पुरुषभर उंचीचा त्रिशूळ होता. खांद्याला रुतू नये म्हणून दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, आणि मधल्या टोकाला लिंबू खोचलेले. मुलीच्या आजारपणातला नवस होता. मी विचारले, "काका, गाडी नाही केली?" ते म्हणाले, "गाडीनं आनला तं मंग म्या काय आनला, भाऊ?" पुढचे काही अंतर मी त्यांच्यासोबत चाललो. दर विसाव्याला ते त्रिशूळ झाडाला टेकवायचे. जमिनीवर आडवा ठेवायचा नाही, असा त्यांच्या घरचा नेम आहे.

सगळ्यांनी पायीच जावे असे माझे म्हणणे नाही. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद होऊन तिच्या जागी ब्रॉडगेज आली, याचाही मला खेद नाही, कारण त्या गावांतल्या माणसांना दवाखाना आणि बाजार वेळेत गाठायचा असतो. वेळ आपल्याकडे असतो. आपण सुटीवर असतो. तरीही सर्वांत जास्त घाई आपणच करतो. पाताळकोटात उतरून लोकांच्या ओसरीचे फोटो काढत तासाभरात परत चढण्यापेक्षा तामियाच्या आसपासच्या एखाद्या होमस्टेत दोन दिवस राहावे, तिथल्याच घरचे जेवावे आणि त्याचे पैसे त्याच घरात द्यावेत. न विचारता कोणाच्या दारात कॅमेरा धरू नये. आणि पचमढीजवळच्या नागद्वार यात्रेच्या वाटेवर प्लॅस्टिक टाकू नये, हे तर हात जोडून सांगतो. ती वाट व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि नागपंचमीच्या आसपासचे मोजके दिवसच उघडते. आपण दहा दिवसांत फेकलेले तिथल्या जनावरांना वर्षभर सोसावे लागते.

येत्या महाशिवरात्रीसाठी मी सात दिवसांची रजा मागितली आहे. आईचे गुडघे आता चढाईचे राहिलेले नाहीत, पण ती जुन्नारदेवपर्यंत येणार आहे. आमल्याला गाडी बदलायची, असे तिने मला दोनदा बजावले आहे.