श्रद्धा नाही, तरी ख्रिस्ती

येत्या जनगणनेत धर्म विचारला की मी 'ख्रिस्ती' असंच सांगणार आहे. देवावर माझा विश्वास नाही. येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला असंही मला वाटत नाही. घरात, मित्रमंडळीत हे मी उघड बोलते, मग इथे लपवण्यात अर्थ नाही. त्यावर 'मग तू ख्रिस्ती कसली?' हा प्रश्न ठरलेला. हल्ली तो दोन्हीकडून येतोय, भाविक नातेवाइकांकडून आणि नास्तिक मित्रांकडूनही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी वसईची, इथल्या सामवेदी समाजातली ख्रिस्ती. आमच्याकडे ख्रिस्ती असणं रविवारच्या मिस्सापुरतं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपुरतं, कधीच नव्हतं. आडनाव, आळीतला क्रूस, मे महिन्यात त्या क्रूसापाशी होणारी रोजरी (माळेचे मणी मोजत म्हणायची प्रार्थना), ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी घरात न शिजणारं मटण, नाताळच्या आधी पोराटोरांना हाताशी घेऊन जेवणाच्या काट्याच्या पाठीवर वळलेली गोड कुलकुलं, 2 नोव्हेंबरला कबरींवर लागणाऱ्या मेणबत्त्या. यातलं काय धर्म आणि काय संस्कृती हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही, आणि माझ्या भाविक आईलाही ते जमणार नाही. बोली तर कादोडी, जी आमचे हिंदू सामवेदी शेजारीही बोलतात.

1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतर इथे धर्मांतरं झाली. त्यात आमिष होतं, सत्तेचा धाक होता, हे मी झाकणार नाही. 1739 साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांची सत्ता गेली. तेव्हा काही घराणी परत फिरली, काही ख्रिस्तीच राहिली. आमची राहिली. त्यांना आता कोणाचा धाक नव्हता, उलट नव्या राज्यात परतणंच सोयीचं होतं. मग ती का राहिली? मला वाटतं, तोवर दोनशे वर्षं उलटली होती, बापजादे चर्चच्या आवारात पुरले होते, सोयरीक त्याच वर्तुळात होत होती. माझ्या आजीच्या उमेदीपर्यंत मिस्सा लॅटिनमध्येच होई. मराठीत ती आली ती कॅथलिक चर्चच्या 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. आजीला त्या लॅटिनमधलं काही कळत नसे. तिच्या श्रद्धेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण ती श्रद्धा तिच्यापर्यंत आली ती घरातून, आळीतून, माणसांच्या हातून. माझ्यापर्यंतही सगळं तसंच आलं. श्रद्धा तेवढी रुजली नाही.

वडील गेले त्या दिवशी चर्चची घंटा झाली आणि थोड्याच वेळात ओटा भरला. कोणी कबर खणायचा निरोप दिला, कोणी फादरांशी बोलून वेळ ठरवली, शेजारच्या काकूंनी आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. रात्री आईने रोजरी धरली. 'नमो मारिया'चा पहिला भाग ती म्हणे, पुढचा आम्ही सगळे. एका रोजरीत ती प्रार्थना पन्नासाहून जास्त वेळा येते. मीही म्हणत होते. वर कोणी ऐकतंय असं मला त्या रात्रीही वाटलं नाही. मध्येच आईचा आवाज फुटला. तेव्हा काकूंनी तिच्या वाटचा भाग उचलला, आणि चारपाच मण्यांनंतर आईने तो परत घेतला. कोणी कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुःखात माणसाला असं धरून ठेवायची रीत मला दुसरीकडे कुठे शिकायला मिळाली असती? ही रीत श्रद्धाळू माणसांनी घडवली. त्यांचं हे देणं मी मानते.

भाविकांचा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं संत पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून मी एक मर्यादा पाळते. मिस्साला बसते, गायनवृंदात गाते, पण कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून दिली जाणारी भाकर घेण्याच्या, रांगेत उभी राहत नाही. बाकावरची माणसं पुढे निघाली की गुडघे बाजूला करून त्यांना वाट देते. मावसबहिणीने तिच्या बाळाची धर्ममाता होण्याचा आग्रह धरला तेव्हाही मी नकार दिला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातेने श्रद्धेची कबुली द्यायची असते. ती मी खोटी देऊ शकत नाही. बहीण दुखावली, पण बाळाला गाणी शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

2024 मध्ये रिचर्ड डॉकिन्स या प्रसिद्ध नास्तिक ब्रिटिश लेखकाने एका मुलाखतीत स्वतःला 'सांस्कृतिक ख्रिस्ती' म्हटलं, तेव्हा काही मित्रांनी ती मला उत्साहाने पाठवली. मला ती पटली नाही. विश्वास ठेवणारे कमी होताहेत याचा त्यांना आनंद आहे, पण कॅथीड्रल आणि गावोगावची सुंदर चर्च मात्र नाहीशी व्हायला नकोत. मग त्या चर्चचं छप्पर कोण शाकारणार, रविवारी ऑर्गन कोण वाजवणार? शिवाय त्याच दमात त्यांनी इस्लामशी तुलना मांडली. आपली संस्कृती दुसऱ्याला बाहेर ठेवायला वापरायची असेल तर ती मला नको. वसईत तर ते शोभतही नाही. वसईतल्या ज्या निर्मळ गावात आमचं होली क्रॉस चर्च आहे, तिथेच एका शंकराचार्यांची समाधी आणि कार्तिकातली जत्रा आहे.

डेन्मार्कचे लोक मला जास्त प्रामाणिक वाटतात. तिथे सुमारे 70 टक्के लोक राष्ट्रीय चर्चचे सभासद आहेत, रविवारी फार थोडे जातात, पण चर्चचा कर भरतात. आपल्याला हवं आहे त्याचा खर्च ते उचलतात. आमच्याकडे तसा कर नाही. आमच्याकडे अंगमेहनत आहे.

आणि मला हे सगळं निवांत बसून लिहिता येतं, हेही सांगायला हवं. नगरकडच्या दलित ख्रिस्ती कुटुंबांना ही ओळख थेट भोवते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना मिळतो. जात पाठ सोडत नाही, सवलत मात्र जाते. त्यातल्या कोणी कागदावर काय लिहावं हे सांगायचा अधिकार मला नाही. माझं मात्र लिहून काही बुडत नाही, त्यामुळे मी खरं तेच लिहावं.

नास्तिक मित्र म्हणतात, तू चर्चची संख्या वाढवतेस, जिथे बाईला धर्मगुरू होता येत नाही त्या संस्थेला बळ देतेस. बाईला वेदीवरून दूर ठेवणं मला मान्य नाही, आणि ते मी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चमंडळीच्या, बैठकीत बोलते. बाहेर पडले तर तिथे बोलणारी एक कमी होईल. शिवाय याच चर्चच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वसईचं पाणी आणि हिरवाई वाचवायला लोकांना रस्त्यावर आणलं होतं, आणि त्या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसं होती.

माझ्यासारखे वसईत पुष्कळ आहेत. नाताळला येतात, लग्नाला, मयताला येतात, श्रद्धेबद्दल बोलत नाहीत. त्यांना माझी विनंती आहे. कादोडी लग्नगीतं पूर्ण येणाऱ्या आज्या आता मोजक्या उरल्यात. आम्ही काहीजण दर रविवारी दुपारी घरोघर जाऊन ती मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि शब्द उतरवून घेतो. कादोडी नीट समजणारी आणि देवनागरीत भराभर लिहू शकणारी माणसं हवी आहेत. तुमच्या घरात अशी आजी असेल किंवा तुम्हाला लिहायला यायचं असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. तुमचा देवावर विश्वास आहे की नाही, हे आम्ही विचारणार नाही.