सिंहगडावर हस्की कशासाठी?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तरुण जोडप्याने विचारले की, आम्ही दोघेही दर रविवारी ट्रेकला जातो, सायकल चालवतो, तर आमच्या राहणीला साजेसे कुत्र्याचे कोणते ब्रीड घ्यावे? तासाभरात उत्तरांचा पाऊस पडला. हस्की, मॅलिनॉइस, बॉर्डर कॉली, गोल्डन रिट्रीव्हर. एकाने तर पिल्लू घरपोच देणाऱ्याचा नंबरही टाकला. या साऱ्या चर्चेत उन्हाचे नाव एकदाही निघाले नाही आणि तिथेच माझे डोके फिरले. ग्रुपवर वाद घालायचा नाही असे मी ठरवले आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आतकरवाडीच्या वाटेने मी सिंहगड उतरत होते. साडेनऊ वाजून गेले होते. ताक विकणाऱ्या एका मावशींच्या ताडपत्रीखाली एक हस्की आडवा पडला होता. त्याची जीभ एका बाजूला लोंबत होती आणि नेहमीपेक्षा कितीतरी रुंद दिसत होती, हिरड्या गडद लाल झाल्या होत्या, तोंडातून चिकट लाळेची तार मातीपर्यंत आली होती. पुढच्या पंजांनी तो गार माती उकरू पाहत होता, पण तेवढेही त्राण त्याच्यात उरले नव्हते. मालक पट्टा ओढत "चल रे, थोडंच राहिलंय" म्हणत होता. आवाज चढवला तो मावशींनी. "अहो दादा, ओढताय काय त्याला? पोटाला, जांघेत पाणी लावा. अन् तोंडात बळंच ओतू नका." विकायला ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी भराभर फोडल्या आणि पैशांचा विषयही काढला नाही.

कुत्रा तसा पडलेला असताना त्याच्या तरुण मालकाने मला अलास्काची गोष्ट सांगितली. १९२५ साली नोम या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा हस्कींसारख्या कुत्र्यांनी ओढलेल्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून औषध पोहोचवले, ही ती गोष्ट. ती खरी आहे आणि त्या कुत्र्यांबद्दल मला आदरच आहे; परंतु ती धाव कडाक्याच्या थंडीत, बर्फावरून झाली होती. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी ज्या थंडीसाठी हा कुत्रा घडवला, तिचा मागमूसही आपल्या सह्याद्रीत नसतो. दुहेरी केसांमुळे, म्हणजे आतली दाट लव आणि वरचे लांब केस यांमुळे, वरचे ऊन थोडे अडते, हे हस्कीवाल्यांचे म्हणणे मान्य, आणि म्हणूनच उन्हाळ्यात त्याचे केस भादरू नयेत. पण चढताना स्नायूंतून जी उष्णता आतच तयार होते, ती बाहेर कुठून पडणार? एप्रिलच्या उन्हात घोंगडी पांघरून गड चढून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना जो थोडा येतो, त्याने भागत नाही. जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा धापा टाकून उडवणे हाच त्याचा गार होण्याचा खरा मार्ग. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते आणि ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. हवा दमट असेल तर ओलावाही नीट उडत नाही, म्हणून पावसाळी ट्रेकला धोका नाही असे समजू नये, आणि कोकणात तर मुळीच नाही. पग आणि बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना डोंगरावर नेणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण लिहिले तर ते सभ्य राहणार नाही.

त्याच तरुणाला मी विचारले, इतर दिवशी याला कोण फिरवते? उत्तर मिळाले की एक मुलगा येतो आणि सकाळ-संध्याकाळ पार्किंगमध्ये फेरी मारून आणतो. म्हणजे सहा दिवस पार्किंग आणि सातव्या दिवशी सिंहगड! आपण रविवारच्या फोटोसाठी कुत्रा निवडतो आणि त्याला मात्र सोमवार ते शनिवार आपल्या दोन खोल्यांत काढायचे असतात. मॅलिनॉइस सुचवणाऱ्यांना तर मला हात जोडावेसे वाटतात. पोलीस आणि लष्कर ज्याला दिवसभर कामाला जुंपतात, तो कुत्रा तुम्ही ऑफिसला गेल्यावर सोफा फाडणार नाही तर काय करणार?

आपल्याकडे कारवानी आहे, ज्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले, पण आमच्या ग्रुपवर तिचे नाव एकालाही सुचले नाही. अंगावर चरबी नाही, केस आखूड, पाय लांब, ऊन सोसण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तो नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे, त्यामुळे मोकळा सोडला तर शेळी दिसताच हातचा जाईल, हेही खरे. त्याला पट्टा हवाच.

आणि गावठी? मावशींच्या पाटीमागे त्यांचा स्वतःचा तांबूस गावठी कुत्रा पाय ताणून झोपला होता. तो पहाटे त्यांच्याबरोबर गावातून चढतो, ऊन वाढले की सावली धरतो आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर उतरतो, असे त्या म्हणाल्या. उन्हात हिंडायचे नसते हे त्याला कोणी शिकवले नव्हते. गावठी पिल्लू मोठेपणी कसे निघेल ते सांगता येत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मग दोन वर्षांचा वाढलेला कुत्रा दत्तक घ्या. त्याचा स्वभाव समोर दिसतो आणि हाडेही पक्की झालेली असतात. वर्षाच्या आतल्या पिल्लाला गडाच्या पायऱ्या उतरायला लावणे मला पटत नाही, मग ते कोणत्याही जातीचे असो.

त्या हस्कीला आम्ही चौघांनी चादरीत घालून खाली नेले. मालक रडत होता, आणि तेव्हा मला त्याचा राग धरवला नाही. कुत्र्यावर त्याचा जीव होता, यात शंका नाही. गाडी निघून गेली आणि पुढे काय झाले ते मला कळले नाही. पिल्लू विकताना त्याला कोणी उन्हाबद्दल एक शब्द तरी सांगितला असेल का? माझा आजचा राग खरे तर त्या विकणाऱ्यांवर आहे.

ज्यांच्या घरी हस्की आधीच आहे, त्यांनी कृपया दुखावून जाऊ नये. उन्हाळ्यात त्याला सूर्य उगवायच्या आत फिरवून आणा, तापलेल्या कातळावर नेण्याआधी आपला हात त्यावर टेकवून पाहा, पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसची लस द्या आणि गोचिड्या तपासत राहा. लॅब्राडॉरवाल्यांनी हिवाळ्यातल्या सकाळी खुशाल डोंगरावर जावे, फक्त आधी त्याचे वजन उतरवावे. भीमाशंकर किंवा हरिश्चंद्रगडाच्या अभयारण्यात मात्र कोणताच कुत्रा नेऊ नये, कारण आपल्या कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात; २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले ते कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूनेही.

ज्या जोडप्याने प्रश्न विचारला, त्यांनी तो घरपोचवाला नंबर फिरवण्याआधी माझ्याकडे चहाला यावे. शनिवारी सकाळी सहा वाजता मी वेताळ टेकडीवर असते. तिथे कुत्री फिरवणाऱ्यांना ब्रीडबद्दल जरूर विचारा, पण मे महिन्यात ते किती वाजता घरी परततात, हेही विचारा.