होलबाइन आणि संख्येचा हिशोब

जर्मन फँटसी कादंबरीकार वोल्फगांग होलबाइनवरचा लेख आवडला, पण त्यातला ‘दोनशेच्या वर पुस्तकं म्हणजे कारखानाच’ हा शेरा मला पटला नाही.

१९५३ साली वायमारमध्ये जन्मलेला हा माणूस नोकरी सांभाळून रात्री लिहायचा. सुरुवात टपरीवर मिळणाऱ्या स्वस्त भयकथांच्या पातळ पुस्तिकांपासून, त्याही टोपणनावानं. तिथे ठरलेल्या तारखेला ठरलेली पानं द्यावीच लागतात. वेग आला तो तिथून. पुढे पत्नी हाइकेसोबत लिहिलेल्या ‘मेर्शेनमोंड’ या फँटसी कादंबरीनं प्रकाशकाच्या स्पर्धेत बाजी मारली आणि नाव झालं. कल्पनांमध्ये हाइकेचा वाटा मोठा, हे लेखात एका ओळीत उरकायला नको होतं.

‘हागेन फॉन ट्रोन्ये’ या कादंबरीचा तर उल्लेखच नाही! नीबेलुंग या मध्ययुगीन जर्मन महाकाव्यात नायक सीगफ्रीडला मारणारा हागेन इथे कथेच्या केंद्रस्थानी आहे. कर्णाच्या बाजूनं महाभारत वाचत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही मांडणी लगेच कळेल. २०२४ साली त्यावर जर्मन चित्रपटही आला.

थ्रिलरमध्ये तो मला थोडा कमी वाटतो. ‘द्रुइडेनटोर’मध्ये बोगद्यात शिरलेली वेगवान रेल्वे गायब होते, काय जबरदस्त सुरुवात! मग मात्र पळापळ इतकी की पात्रं हाताला लागत नाहीत. पुनरावृत्ती आहे, घाईही दिसते, मान्य. तरी जर्मनीत काही पिढ्या पोरं त्याच्यामुळे जाडजूड पुस्तकं वाचायला लागली, हे समीक्षकांनी कुठल्या खात्यात मांडायचं?