बाजेचे चार कोपरे: लातूरच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

संकटात विश्वास कसा टिकवावा या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईंचं सोयाबीन काढणीच्या तोंडावर पावसात गेलं. खासगी सावकाराचं देणं डोक्यावर आहे. मालक आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. अशात एका प्रार्थनासभेत त्यांना सुनावलं गेलं की, 'तुमचा विश्वास कमी पडतो, म्हणून गुण येत नाही.' आणि मग तुमचा मला प्रश्न: "पहाटे पाचला उठून शास्त्र वाचा, हे तुमचं सांगणं त्याहून वेगळं काय आहे? ही बाई पहाटे पाचला भाकरी थापते."

भाकरीचं म्हणणं बिनशर्त मान्य. पहाटेची वेळ पाळलीच पाहिजे असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठेही नाही. ती वेळ मी लेखातून काढून टाकली आहे. पण म्हणून शास्त्रवाचनच नको, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येणार नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी ते 'विश्वास कमी पडतो' हे वाक्य. ते खोटं आहे, आणि आजारी माणसाच्या घरात ते बोलणं क्रूर आहे. येशूचा प्रेषित पौल यानं शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारं काहीतरी, काढून घे म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली, काटा राहिला. त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला पौल मिलेतात मागे ठेवून गेला. तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्यानं उपाय सांगितला तो थोडा द्राक्षारस घेण्याचा. विश्वास वाढव, असं लिहिलं नाही. सिलोआमाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून जास्त पापी होती का, याला प्रभू येशूनं स्पष्ट नाही म्हटलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंपात हजारो माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली. त्या मेलेल्यांचा हिशेब मांडायला बुरुजाची ही गोष्ट सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायानं आपल्याला मनाई केलेली आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प जमिनीवर बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडून त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला.

बरं होण्यासाठी प्रार्थना करू नये असं मी म्हणत नाही. जरूर करावी, रोज करावी. पण याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात काय लिहिलंय ते नीट वाचा. आजाऱ्यानं फक्त मंडळीच्या वडीलजनांना बोलावणं पाठवायचं आहे. यायचं त्यांनी, तेल लावायचं त्यांनी, प्रार्थना करायची त्यांनी. अंथरुणावरच्या माणसावर विश्वासाचा बोजा टाकलेला नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघंजण पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात, छप्पर उसकटतात आणि त्याला खाली सोडतात. तिथे प्रभू 'त्यांचा' विश्वास पाहतो. बाजेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. माझ्या लेखात हेच राहिलं होतं, आणि तुमची प्रतिक्रिया आली नसती तर ते लक्षातही आलं नसतं: विश्वास टिकवणं हे एकट्या माणसानं दात-ओठ खाऊन करायचं काम नाही. बाजेला चार कोपरे असतात आणि ते चार जणांनी धरायचे असतात.

आता तुमच्या मंडळीत हे चार कोपरे म्हणजे काय, ते सांगतो.

पहिला कोपरा दवाखान्याचा. डायलिसिसची एक पाळी साधारण चार तासांची, जाणं-येणं धरून अख्खा दिवस जातो. तीन पाळ्यांपैकी एकीला मंडळीतलं कुणी सोबत गेलं, तर बाईंना आठवड्यात एक दिवस मोकळा मिळतो. जाताना केळी आणि नारळपाणी नेऊ नका. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना हटकून तेच नेतात, पण मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात त्यातलं पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पाणीसुद्धा डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. पाळी झाली की रक्तदाब उतरतो, माणूस गळून जातो. त्या संध्याकाळी दहा जणांनी घरी जाऊन तासभर गाणी-प्रार्थना करू नये. दोन मिनिटांची प्रार्थना करावी आणि उठावं.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगतो. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या, सभेत कुणी पाळी चुकवा, गोळ्या बंद करा, इन्सुलिन सोडून उपास धरा असं सांगितलं, तर ते ऐकायचं नाही. डायलिसिसच्या पाळ्या चुकल्या की अंगात पाणी चढतं, फुफ्फुसात उतरतं, आणि जीव जातो. इन्सुलिन घेऊन उपास केला तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो, आणि उपासासाठी इन्सुलिन सोडलं तर साखर जिवावर बेतेल इतकी चढते. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. औषध घेतल्यानं विश्वास कमी होत नाही.

दुसरा कोपरा कागदांचा. विश्वासाच्या लेखात रेशनकार्ड कशाला, असं कुणी म्हणेल. पण दर महिन्याच्या खर्चानं कंबर मोडली की प्रार्थनेला बसलेलं मन आकडेमोडच करतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड, आधार आणि दवाखान्याचे कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटायचं. सावकाराकडे परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. जमीन लिहून घेतली असेल तरीही. मंडळीत एखादे निवृत्त गुरुजी किंवा बँकेतले भाऊ असतातच, हा कोपरा त्यांचा.

तिसरा कोपरा घरचा: मुलांचा डबा, शाळा, दळण. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल उभं केलं, तेव्हा चर्चबरोबर वस्ती आणि शाळाही उभी केली होती. मराठवाड्यातल्या मंडळीला हे नवीन नाही, फक्त विसरलंय.

चौथा कोपरा प्रार्थनेचा, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

त्या बाईंनी पाच अध्याय वाचू नयेत. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र घ्यावं, तेरावं. सहाच ओव्या आहेत, मोठ्यानं वाचलं तर मिनिटभर लागतं. मोठ्या अक्षरात वहीच्या पानावर लिहून काढायचं आणि पिठाच्या डब्यावर चिकटवायचं. परातीत पीठ मळताना डोळ्यांसमोर राहील इतकं जवळ. या स्तोत्राची बांधणी पाहा. पहिल्या दोन ओव्यांत दावीद 'देवा, आणखी किती दिवस?' हे चार वेळा विचारतो. ही सरळ तक्रार आहे, आणि ती पवित्र शास्त्रात छापलेली आहे. पुढच्या दोन ओव्यांत मागणी: माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरतो. शेवटच्या दोन ओव्यांत तो म्हणतो, मी तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे. चौथी ओवी आणि पाचवी ओवी यांच्यामध्ये बाहेर काहीही बदललेलं नाही. शत्रू तिथेच आहे. तरी बोलणं त्याच देवाशी चालू राहिलंय, आणि इतकं चालू राहणं म्हणजेच विश्वास.

ज्या दिवशी पाचवी ओवी तोंडातून निघत नाही, त्या दिवशी चौथीवर थांबावं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तेही प्रार्थनाच आहे. आणि अजिबात वाचवत नसेल तर जवळ बसलेल्या बहिणीनं वाचावं, त्यांनी ऐकावं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी प्रभूची गाणी अभंगाच्या, भजनाच्या चालीत बांधली. पुस्तक हातात नसलं, डोळ्यांत पाणी असलं, तरी अशी चाल ओठांवर येते. तिचा उपयोग करा.

तुम्ही आणखी विचारलंत की मग संकट नसताना रोज वाचायचा आग्रह कशाला. येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आपल्या रानात लावून बघा. मुरमाड रानात मातीचा थर पातळ, खाली दगड. पहिल्या पावसावर तिथलं बी इतरांच्या आधी वर येतं, बघणाऱ्याला वाटतं काय पीक आलंय. मग जुलैत पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो आणि तेच आधी माना टाकतं, कारण मूळ खाली जायला जागाच नव्हती. काळं रान त्या खंडात तग धरतं. पण त्याची नांगरट उन्हाळ्यात झालेली असते. खंड पडल्यावर नांगर घालून उपयोग नसतो. म्हणून पाठांतर, रविवार, प्रभुभोजन या सवयी बऱ्या दिवसांत लावायच्या. त्या बाई आज खंडात आहेत. त्यांना नांगरायला सांगायचं नाही, त्यांना पाणी घालायचं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, पण मला तीच सगळ्यात गंभीर वाटते: गेले तीन रविवार त्या उपासनेला आल्या नाहीत. बहुतेक वेळा याचं कारण लाज असते. वर्गणी थकलेली, दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) द्यायला नाही, 'कसं काय' विचारलं तर सांगायचं काय. लोकांना वाटतं विश्वास गेला, म्हणून ते फोन करत नाहीत. बाईंना वाटतं मंडळीला आपण नकोत, म्हणून त्या येत नाहीत. असे दोन महिने गेले की परत येणं फार जड होतं. तेव्हा फोनवर थांबू नका, घरी जा. दोघीच जा. जाताना पायलीभर ज्वारी न्या, वर्गणीचा विषय काढू नका, आणि 'तुमची जागा रिकामी दिसते' एवढंच म्हणा. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या आल्या की वेदीवरून कुणी त्यांच्या गैरहजेरीवर बोलणार नाही.

आणि त्यांच्या मालकांच्या पाळ्या कोणत्या वारी असतात ते त्यांनाच विचारून घ्या. त्यातला एक वार तुम्ही घ्या, बाकीच्या कोपऱ्यांची नावं या रविवारी उपासना सुटल्यावर महिला मंडळात ठरवा.