अध्यक्षसाहेब, रेडिओ आता तुमचा

अभिनंदन! संस्थेच्या निवडणुकीत तुमचं पॅनेल आलं, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज पडला, आणि डी.एड. कॉलेजची रिकामी इमारत, वसतिगृहाची पातेली, गंजलेली स्कूलबस यांच्यासोबत गच्चीवरच्या खोलीतलं रेडिओ केंद्रही तुमच्या पदरात पडलं. चार्ज घेताना त्या खोलीची किल्ली सगळ्यात शेवटी मिळाली असेल, आणि आत काय काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता आलं नसेल. घाबरू नका. याआधी ज्यांनी ते चालवलं त्यांनाही त्यातलं कळत नव्हतं, तरी त्यांचे सत्कार झालेच.

एक लक्षात घ्या, हे सामुदायिक रेडिओचं, म्हणजे आसपासच्या गावांसाठीचं केंद्र तुम्हाला बाजारात विकत मिळालं नसतं. सामुदायिक रेडिओची परवानगी कुणा एका माणसाला मिळत नाही, राजकीय पक्षाला मिळत नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मिळत नाही, आणि ज्याला मिळाली त्याला ती दुसऱ्याला देता येत नाही. ती मिळते शिक्षणसंस्थेला, कृषी विज्ञान केंद्राला, आणि २००६ पासून गावपातळीवर काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना. नियम करणाऱ्यांनी मोठ्या विचाराने चारी बाजूंनी कुंपण घातलं. आमच्याकडे संस्था कशा हातात येतात, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नसावं. केंद्र विकता येत नाही, पण आजीव सभासद एका रात्रीत वाढवता येतात. ते तुम्ही केलंच आहे.

आता थोडा इतिहास, कारण उद्घाटनाच्या भाषणात तो लागतो. मालक म्हणून आदर्श कोण, तर सरकार. २३ जुलै १९२७ ला मुंबईत एका खाजगी कंपनीने केंद्र सुरू केलं, १९३० मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि रेडिओ सरकारच्या गळ्यात पडला. १९३६ ला त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं. १६ जुलै १९४८ ला नागपूर केंद्र सुरू झालं, तेव्हा नागपूर राजधानी होती. १९५६ मध्ये राजधानी गेली, रेडिओ राहिला. विदर्भाकडे जे काही शिल्लक ठेवलं गेलं त्यात ही एक वस्तू धड होती. त्या काळी घरात सेट ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढून दरवर्षी पैसे भरावे लागत. म्हणजे ऐकणाऱ्याने पैसे मोजायचे आणि काय ऐकायचं ते दिल्लीने ठरवायचं. इतकी सुंदर व्यवस्था पुन्हा होणे नाही.

ठरवणारे तरी कसे, तर पक्के. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला माइकबंदी केली, ती तीसेक वर्षं टिकली. पेटीवाचून आमच्या भजनी मंडळांचं पान हलत नाही; तुकडोजी महाराजांची खंजिरी होती म्हणून विदर्भाचं निभावलं. पुढे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, म्हणून जनतेला शास्त्रीय संगीत पाजायचं ठरलं. जनतेने काटा फिरवला आणि श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढून तीच गाणी लावावी लागली. यातून काही लोक असा धडा काढतात की श्रोत्याची आवड ओळखावी. तुम्ही तो काढू नका. तुमचा धडा असा की श्रोत्याच्या हाती काटा राहता कामा नये. संस्थेच्या शाळेत, वसतिगृहात, कॅन्टीनमध्ये भोंगे बसवून घ्या, म्हणजे सिलोनचा प्रश्नच उरत नाही.

तसा एक वाईट पायंडाही पडला होता. १९५६ मध्ये पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावात लोकांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि मनात आलेले प्रश्न उलट केंद्राकडे पाठवायचे. केंद्राने त्यांना उत्तरं द्यायची! प्रयोग यशस्वी झाला, जगभर नाव झालं. म्हणूनच सांगतो, असल्या फंदात पडू नका. खेड्यातला माणूस एकदा प्रश्न विचारायला शिकला की तो शेतीवर थांबत नाही, तो स्कूलबसवर येतो.

१ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरवरून. आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाचून दचकला असाल, तर गावाबाहेरच्या ई-क्लास जमिनीकडे, म्हणजे सरकारी गायरानाकडे बघा. तीही सार्वजनिकच आहे.

आता तुमच्या स्वतःच्या केंद्राची वंशावळ. असं केंद्र बहुधा संस्थापक दादासाहेबांनी काढलेलं असतं. त्यांच्या काळात सकाळी दादासाहेबांचे विचार, दुपारी विचारांचं पुनःप्रसारण, संध्याकाळी विचारांवर प्राध्यापकांची चर्चा. दादासाहेबांनंतर पुतणे आले. त्यांना तरुणाई हवी होती, म्हणून सिनेमाची गाणी आणि "हॅलो, कसे आहात फ्रेंड्स" म्हणणारा एक मुलगा, जो घरी आईला "मले भूक लागली" म्हणतो. मग विरोधी पॅनेल आलं. त्यांच्या अध्यक्षांना गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर अध्यात्माची ओढ लागली, तेव्हा पहाटे पाचपासून हरिपाठ आणि रात्री प्रवचन. धोरण तीनदा बदललं, भिंतीचा रंग तीनदा बदलला. एक कार्यक्रम मात्र तिन्ही राजवटींत अखंड चालू राहिला: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. फक्त वाढदिवस कुणाचा, ते बदललं. तुमच्या केंद्राचा खरा दस्तऐवज तोच. संशोधन करायला कुणी आलं तर त्याला शुभेच्छांची यादी द्या. तालुक्याचा राजकीय इतिहास तारीखवार मिळेल.

आता धोक्याचा काळ सांगतो, नीट वाचा. मधली काही वर्षं दोन्ही पॅनेल कोर्टात होती. अध्यक्ष कोण याचा निकाल लागेना, त्यामुळे गच्चीवर कुणी फिरकेना. खोलीची किल्ली उरली एका तासिका तत्त्वावरच्या मास्तरांकडे आणि बारावी झालेल्या दोन पोरींकडे. त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं, आणि घात झाला. त्या पोरी सकाळी बाजार समितीत फोन लावून कापूस-तुरीचा भाव विचारत आणि सातला सांगत. "आज कापसाले काय भाव हाय" हे वऱ्हाडीतच सांगत, कुणी शुद्धलेखन तपासायला नव्हतं. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या मोबाइलवर धुऱ्यापर्यंत रेडिओ वाजू लागला. भाद्रपदात भुलाबाईची गाणी म्हणायला म्हाताऱ्या स्वतःच्या पायांनी तीन मजले चढून आल्या, आणि एकीने तर मध्येच थांबून, माइक चालू असताना, पुढची ओळ आठवेना म्हणून बाजूचीला चिमटा काढला. ते तसंच हवेत गेलं. आठवडी बाजारात कुणाची बकरी हरवली, एसटी कोणत्या फाट्यावरून वळवली, डवरणीला उघाड मिळेल का, असलं काहीबाही दिवसभर. पानठेल्यावर खर्रा घोटणारा सुद्धा हात थांबवून ऐकायचा.

शंभर वॉटचं केंद्र, ऐकू जातं दहा-बारा किलोमीटर. पण तेवढ्यात गावं किती येतात आणि मतं किती, याचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको. सुदैवाने कोर्टाचा निकाल लागला.

तुम्ही पहिलं काम त्या पोरींचं उच्चारण सुधारण्याचं करा. पुण्याहून एखादे निवृत्त निवेदक बोलवा, तीन दिवसांचं शिबिर घ्या, प्रमाणपत्रं वाटा. चौथ्या दिवशी पोरी माइकपुढे बसतील तेव्हा प्रत्येक वाक्याआधी इतक्या घाबरलेल्या असतील की आठवड्यात आपणहून येणं बंद करतील. काढून टाकायची गरज पडत नाही. त्यांच्या जागी भाच्याला घ्या.

बातम्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. नियम तुमच्याच बाजूचा आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाणी यांच्या सूचना मात्र बातमी धरत नाहीत. म्हणजे उद्या नळ येणार नाही हे सांगायला मोकळीक आहे. का येणार नाही, टाकीचं कंत्राट कुणाला होतं, हे विचारलं की ती बातमी होते. हा नियम करणाऱ्याचा एक फोटो स्टुडिओत लावायला हरकत नाही.

जाहिरातींना तासाला बारा मिनिटं मिळतात. २०२४ मध्ये वाढवून दिली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये. एवढ्यात वीजबिल निघत नाही, म्हणून औषधवाल्यांना धरा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्यानंतर "फवारताना तोंडाला कापड बांधा, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका" असं सांगणं सगळीकडे आलं. तुम्हीही सांगा, दोन मिनिटं सांगा, आणि लगेच त्याच औषधाची जाहिरात लावा. "एकच फवारा, बोंडअळीचा निवारा" असं काहीतरी. निवेदक दोन्हीकडे तोच ठेवला तर खर्च वाचतो, आणि ऐकणाऱ्याला जोडही कळत नाही.

सल्लागार समिती नेमावी लागते, तीत निम्म्या बाया हव्यात असं नव्या मार्गदर्शक सूचनांत आहे. यात अडचण काहीच नाही. सरपंचपतींचा अनुभव तालुक्यात भरपूर आहे; बैठकीला तेच येतील, सही घरून येईल, चहा-पोहे मात्र माणशी दोन धरा. निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत अशीही अट आहे. तुमची भाषणं स्थानिकच आहेत. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं, ही अट तेवढी जाचक, कारण निवडणुकीत तीन महिने फार मोठे असतात. कॉम्प्युटर बिघडल्याची नोंद आधीच करून ठेवा.

स्पर्धेची चिंता नको. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांत खाजगी एफएमचे ७३० चॅनेल लिलावात काढायचं ठरवलं, त्यात यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा, गोंदिया, अचलपूर आहेत. खाजगीवाले आले तरी ते मोठ्या शहरात बसून "काय म्हणतंय यवतमाळ" असं विचारतील, आणि यवतमाळ काय म्हणतंय हे ऐकायला थांबणार नाहीत. त्यांचं आणि तुमचं धोरण इतकं जुळतं की युतीच होऊ शकते. आकाशवाणीनेही २०२३ च्या एप्रिलमध्ये देशभर शंभर वॉटचे ९१ ट्रान्समीटर एका दिवसात चालू केले, गडचिरोलीतल्या अहेरी-सिरोंचापर्यंत. तिकडे दिल्ली स्पष्ट ऐकू येते. दिल्लीला अहेरी ऐकू येण्याचं यंत्र अजून निघायचं आहे.

राहता राहिला श्रोता. हा प्राणी कधीतरी गच्चीपर्यंत येतोच. साधारण कापूस वेचणी संपल्यावर येईल, चप्पल दाराबाहेर काढेल आणि टोपी हातात घेऊन विचारेल, "साहेब, ते सकाळी भाव सांगणारी पोरगी कुठी गेली जी? आमी सातले रेडिओ लावतो, तं वाढदिवसच चालून राह्यले." त्याच्यावर रागावू नका, खुर्ची द्या, पाणी द्या. श्रोत्याचा अभिप्राय आपल्यासाठी बहुमोल आहे असं सांगा आणि तो अर्जाच्या स्वरूपात दोन प्रतींत मागवा, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि सातबारा. सातबारा कशाला, असं तो विचारणार नाही. त्याला सवय आहे. विचारलंच, तर खालच्या मजल्यावर पाठवा. तिथे दुपारी कुणी नसतं.